जडावाची खाच पाडणारं जुनं हत्यार कुठे मिळेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमचं दुरुस्तीचं छोटं काम आहे. तानपुरे, दागिन्यांच्या पेट्या, देव्हारे, लिहिण्याची डेस्कं, अशा वस्तू येतात. लाकडात खाच पाडून तिच्यात दुसऱ्या लाकडाची किंवा हाडाची बारीक पट्टी बसवतात, तो जडाव. कडेची अशी पट्टी निघालेली असते, ती पुन्हा बसवायची. हे काम वडिलांनी चाळीस वर्षं केलं, आता मी करते. खाच पाडायला ते वापरत ते हत्यार बाजारातून केव्हाच गेलं. ते माझ्या हातात पाहिलं की लोक विचारतात, मग कोणाकडून तरी ऐकून इंदूर-मिरजेहूनही विचारणा येते. नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. ताई, जडावाची खाच पाडायचं हत्यार म्हणजे नेमकं कोणतं? दुकानदाराला नावच सांगता येत नाही.

नाव सांगता येत नाही, कारण एक नाव नाहीच. आधी तुमची खाच कशी आहे ते बघा. पेटीच्या कडेने एकसारखी जाणारी रेघ असेल, साधारण पाऊण ते तीन मिलिमीटर रुंद, तर खरवडून खाच पाडणारं हत्यार लागतं. पान, फूल, मोर असा आकार बसवायचा असेल तर कड चाकूने कापायची, आतलं लाकूड पटाशीने काढायचं आणि तळ राउटर रंध्याने सपाट करायचा. सरळ, रुंद, फळीच्या कडेला समांतर अशी खाच असेल तर खोबणीचा रंधा पुरतो. मला येणाऱ्या दहातल्या आठ विचारणा पहिल्या प्रकारच्या असतात, म्हणून पुढची बरीचशी उत्तरं त्याबद्दल आहेत. राउटर रंध्यासाठी प्रश्न ११ पाहा.

२. 'सहासष्ट' 'सहासष्ट' म्हणतात ते काय?

अमेरिकेतल्या स्टॅन्ली कंपनीचा ६६ नंबरचा हँड बीडर. वडील त्याला नुसतं 'सहासष्ट' म्हणत, म्हणून आमच्याकडे तेच नाव पडलं. त्याचं पेटंट १८८६ सालचं. त्याच वर्षी बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली. आज तिथल्याच कुणाच्या घरातला तानपुरा दुरुस्तीला आला की या हत्याराची आठवण होतेच.

ओतीव लोखंडाचा सांगाडा, सायकलच्या हँडलसारख्या दोन्ही बाजूंना मुठी, आणि मधोमध उभं धरलेलं चपटं पातं. पात्याच्या दोन्ही टोकांना धार असते, प्रत्येक टोकाचा आकार वेगळा. शेजारी एक गाईड बसतं, ते लाकडाच्या कडेला टेकवून हत्यार ओढायचं किंवा ढकलायचं. रंध्यासारखी साल निघत नाही, बारीक कीस निघतो. दोन्ही दिशांनी चालतं, हा त्याचा मोठा गुण.

एक गोष्ट लक्षात ठेवा: हे मुळात जडावासाठी केलेलं नव्हतं. टेबलाच्या कडेला, खुर्चीच्या पायाला गोलसर मणी किंवा नळ्या पाडण्यासाठी होतं. सोबतच्या पात्यांमध्ये एक सपाट तोंडाचं, खाच पाडणारं पातं असायचं. आपल्याला हवं आहे ते हे पातं. म्हणूनच परदेशी विक्रेत्यांच्या यादीत 'जडाव' या अर्थाचा शब्द घालून शोधलं तर ते सापडत नाही. बीडर म्हणून शोधा.

३. एवढं उपयोगी होतं तर बंद का झालं?

त्याचं मुख्य काम म्हणजे नक्षीची कड. ते आधी कारखान्यातल्या यंत्रांनी उचललं, मग लाकूड कोरणाऱ्या विजेच्या राउटरने. फर्निचरही साधं झालं. १९४१ च्या सुमारास कंपनीने ते यादीतून काढलं. आपल्याकडे ज्या घरांमध्ये सापडतं त्यांच्याकडे ते त्याआधीच आलेलं होतं.

४. फोटो पाठवला तर घ्यावं की नाही सांगाल का? काय काय तपासायचं?

फोटो पाठवताना चार बाजूंनी पाठवा, आणि मुठींची मुळं जवळून दिसू द्या. ओतीव लोखंड पडलं की तिथेच तुटतं. तुटल्यावर पितळेने जोडलेलं असेल तर पिवळसर रेघ दिसते. रंगाखाली लपवलेली असेल तर बोटाने कड लागते. एकदा एका विक्रेत्याकडून मी असंच जोडलेलं घेतलं. फोटोत जोडावर मुद्दाम कापड टाकलेलं होतं आणि मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मूठ हातात आली. तेव्हापासून 'जोड आहे का, हो किंवा नाही लिहून द्या' असं मी आधी विचारते.

त्यानंतर गाईड. मूळ हत्याराबरोबर दोन गाईड यायची, एक सरळ कडेसाठी, एक वळणासाठी. ती सुटी असल्यामुळे पहिल्यांदा हरवतात. विशेषतः वळणाचं. पाती नसली तरी करता येतात (प्रश्न ८), गाईड करणं बरंच कठीण.

शेवटी स्क्रू. अंगठ्याने पिळायचे स्क्रू जागचे आहेत का, मोकळे फिरतात का, ते पाहा. त्या काळातले कंपनीचे आटे आपल्या आजच्या मिलिमीटरच्या आट्यांशी जुळत नाहीत. कोणीतरी दुसराच बोल्ट जबरदस्तीने बसवला असेल तर लोखंडातला आटा मेलेला असतो, आणि मग पातं कधीच घट्ट धरत नाही. निकेलचा मुलामा उडाला असेल, काळं पडलं असेल, त्याने काही अडत नाही.

५. वडोदऱ्यात कुठे शोधू? भंगारवाल्यांकडे चार फेऱ्या झाल्या.

भंगारवाला सगळ्यात शेवटी. त्याच्याकडे पोचेपर्यंत गाईड वेगळं, सांगाडा वेगळा झालेला असतो आणि वजनावर गेलेला असतो. त्याआधी वस्तू जिथे असते तिथे जा.

ती असते जुन्या मिस्त्रींच्या घरी, माळ्यावर, लाकडी पेटीत. आपल्या शहरात कारागिरीची परंपरा नुसती राजवाड्यापुरती नव्हती. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं. प्राध्यापक गज्जर त्याचे पहिले प्रमुख. दादासाहेब फाळके तिथेच शिकले, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिथून शिकून बाहेर पडलेले, तांत्रिक शाळांमधून हस्तकाम शिकवणारे अनेकजण होते, आणि त्यांच्याकडे स्वतःच्या पैशाने घेतलेली हत्यारं असत. रावपुरा, मांडवी, दांडिया बाजार या भागांतली जुनी घरं आता पाडली जातात किंवा वाटणीत रिकामी होतात. घर रिकामं होताना तिथे असणं, हा शोधाचा खरा मार्ग. शेजारी, नातेवाईक, गणपती मंडळातले लोक, सगळ्यांना सांगून ठेवा. मी माझ्याकडचं दुसरं सहासष्ट असंच मिळवलं. मावशींच्या शेजारणीने सांगितलं, 'आमच्या सासऱ्यांची सुतारकामाची पेटी आहे, फेकायची आहे.'

गुजराती मिस्त्रींशी बोलताना त्यांचे शब्द वापरा. 'पटाशी' म्हटलं तर कळतं असं नाही. ते 'फरसी' म्हणतात, आणि ती आपली घरातली फरशी नव्हे. 'जूनां सुथारी ओजार' विचारा, 'खांचो पाडवानो रंदो' विचारा. आणि नुसतं विचारू नका, कागदावर चित्र काढून न्या. मुठी, मधलं पातं, गाईड. चित्र पाहिल्यावर 'अरे, हे तर आमच्याकडे आहे' असं म्हणणारे मला तीनजण भेटले, आणि तिघांनाही नाव ठाऊक नव्हतं.

६. अहमदाबादची गुजरी, अलंग, मुंबई, पुणे: कुठे जाणं परवडेल?

अहमदाबादला साबरमतीच्या काठी, एलिस ब्रिजजवळ रविवारी गुजरी भरते. सकाळी लवकर जायचं. करवती, पटाश्या, लाकडी रंधे तिथे भरपूर मिळतात. सहासष्ट मला तिथे एकदाही दिसलं नाही, पण खोबणीचा रंधा मिळाला.

भावनगरजवळच्या अलंगला १९८३ पासून जहाजं तोडली जातात, आणि रस्त्याकडेच्या दुकानांमध्ये जहाजातल्या वस्तू विकायला असतात. लोक फार आशेने जातात. जहाजावरचं वर्कशॉप लोखंडकामाचं असतं, त्यामुळे कानशी, व्हाइस, पाने उत्तम मिळतात, लाकडाच्या नाजूक कामाचं जवळजवळ काही नाही. पाती करायला लागणारं चांगलं पोलाद मात्र तिथून जरूर आणा.

मुंबईच्या मटन स्ट्रीटवरच्या चोर बाजारात विदेशी हत्यारं येतात, पण दुकानदाराला स्टॅन्ली हे नाव माहीत असतं आणि तो शोभेच्या वस्तूचा भाव लावतो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी असतो. पुण्याला नातेवाईकांकडे जाणं होणारच असेल तर ते या दोन दिवसांत बसवा.

७. परदेशातून मागवलं तर? भाचा अमेरिकेत आहे, त्याच्याबरोबर आणवू का?

मागवता येतं. लाकूडकामाचे रंधे, पटाश्या आणि तत्सम कापणारी हत्यारं सीमाशुल्काच्या ८२०५ या मथळ्याखाली येतात. पार्सलवर शुल्क लागतं, आणि ते वस्तूची किंमत अधिक वाहतूक यांवर मोजलं जातं. म्हणून जड सांगाड्याला स्वस्त म्हणून भुलू नका, वाहतुकीचा खर्च धरून हिशोब करा. विक्रेत्याला 'भेटवस्तू' असं लिहायला सांगू नका. २०१९ च्या डिसेंबरपासून शुल्क न भरता परदेशातून भेट मागवण्याची सवलत राखी आणि जीवनरक्षक औषधं वगळता काढून टाकली आहे.

भाच्याबरोबर आणवत असाल तर पाती विमानात सोबतच्या बॅगेत चालणार नाहीत, खाली जाणाऱ्या सामानात टाकायला सांगा. पाती वेगळी, जाड पुठ्ठ्यात गुंडाळून. सांगाडा कपड्यांच्या मधोमध.

नव्याने बनलेली नक्कलही मिळते. अमेरिकेतल्या लाय-नील्सन कंपनीने याच ६६ वरून कांस्याचं हत्यार केलं आणि कॅनडातल्या व्हेरिटासचं याच तत्त्वावरचं वेगळं हत्यार आहे. मूळ सहासष्ट या नव्या हत्याराच्या घरपोच किमतीपेक्षा महाग पडत असेल तर फक्त संग्रहासाठी घ्या. कामासाठी घेऊ नका.

८. नुसता सांगाडा मिळालाय, एकही पातं नाही. पैसे पाण्यात गेले का?

अजिबात नाही. गाईड आहे ना? मग उलट बरं झालं. जुन्या पात्यांची मापं इंचाच्या भागांत असतात आणि तुमची पट्टी कदाचित एकाही मापाला जुळणार नाही. पातं आपल्या पट्टीच्या मापाने करायचं असतं. पट्टी पात्याच्या मापाने शोधायला निघालात तर महिने जातात.

हातकरवतीचं, म्हणजे हॅकसॉचं जुनं पातं घ्या. त्याची जाडी साधारण ०.६ मिलिमीटर असते. हे अगदी बारीक रेघेला चालतं आणि त्याच जाडीच्या पट्टीसाठी पातं आडवं न ठेवता कडेवर वापरता येतं. रुंद खाच पाहिजे असेल तर पातं सपाट धरून टोक हव्या त्या रुंदीला घासायचं. दीड-दोन मिलिमीटर जाडीचं पोलाद हवं असेल तर यंत्रावरच्या करवतीची तुटकी पाती वर्कशॉपवाले देतात, चांभारही त्यांच्याच राप्या करतात.

पात्यात दोन जाती आहेत, हे फार कमी लोक पाहतात. एक वाकतं, त्याचे दातच फक्त कडक असतात, पाठ मऊ. ते कानशीने घासता येतं, पण धार लवकर जाते. दुसरं संपूर्ण कडक, वाकवलं की काचेसारखं तुटतं. ते कानशीला दाद देत नाही, त्याला ग्राइंडर किंवा हिऱ्याची कानस लागते, आणि मग महिनाभर धार टिकते. तोडताना चष्मा घाला आणि पातं जाड कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये तोडा. ग्राइंडरवर घासताना वारंवार पाण्यात बुडवा. साध्या पोलादाला निळी झाक आली की तेवढा भाग मेला, तो घासून टाकावाच लागतो.

टोक चौकोनी ठेवा. पटाशीसारखा तिरका उतार नको. निसण्यावर टोक सरळ उभं धरून घासलं की दोन्ही कडांना आपोआप धार येते, म्हणूनच ते पुढे-मागे दोन्हीकडे चालतं. दोन्ही बाजूंच्या सपाट पृष्ठभागांवरूनही निसणा फिरवा, नाहीतर खाचेच्या भिंती खरबरीत येतात. पात्याची रुंदी वर थोडी कमी करता आली तर आणखी चांगलं, खाचेत अडकत नाही.

९. मग अख्खं हत्यारच घरी का करू नये?

करावं. सहासष्ट शोधत बसलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच करायला सांगते. एक संध्याकाळ लागते.

शिसवाचा किंवा सागाचा दीडशे मिलिमीटर लांब, बोटाइतका जाड तुकडा घ्या. त्याचा एक कोपरा कापून एल आकार करा. आतली सरळ कड हीच तुमची गाईड. बाहेर आलेल्या बाहूत मधोमध करवतीची चीर पाडा, त्यात पातं घाला, आणि दोन्ही बाजूंनी दाबून धरायला दोन स्क्रू बसवा. पातं दीड मिलिमीटरच बाहेर ठेवा. गाईडची कड मेणाने घासा, सरकते.

या लाकडी तुकड्याला वडील 'खरवडणी' म्हणत. सहासष्ट असतानाही सरळ कडेचं काम ते खरवडणीने करत, कारण प्रत्येक पट्टीसाठी वेगळी खरवडणी तयार करून ठेवलेली असे. माप पुन्हा लावायची गरजच नाही. आमच्याकडे अजून अकरा आहेत, प्रत्येकीवर पेन्सिलने लिहिलेलं: 'हळदू, देव्हारा', 'शिंपल्याची, पेटी'.

मग सहासष्ट कशाला? गाईडची जागा केसाइतकी सरकवायची असते तेव्हा, आणि वळण असतं तेव्हा (प्रश्न १२). शिवाय लोखंडाचं वजन हाताला स्थिर ठेवतं, हे वापरल्यावरच कळतं.

१०. खाच एका बाजूला सरकते, कधी भिंत फाटते. हत्यारात दोष आहे का?

बहुतेक वेळा हाताची घाई. पहिला हात इतका हलका द्या की लाकडावर नुसती ओरखड्याची रेघ उमटेल. लाकडाचे रेषे मऊ-कडक असतात आणि जोर लावला की पातं मऊ रेषेच्या मागे जातं. एकदा का दोन धागे खोल खाच झाली की मग तिच्या भिंतीच पात्याला वाट दाखवतात.

सुरुवात शेवटच्या टोकाकडून करा. आधी तिथे चार बोटं लांबीचा हात, मग जरा अलीकडून, असं मागे येत या. आणि पातं तुम्ही ज्या दिशेने चालला आहात तिकडे थोडं झुकलेलं ठेवा.

रेषांना आडवी खाच पाडत असाल तर आधी दोन्ही भिंती धारदार चाकूने कापून घेतल्याशिवाय हत्यार लावूच नका. खरवडणारं पातं आडवे रेषे कापत नाही, उपटतं. फाटलेल्या खाचांची जेवढी कामं माझ्याकडे येतात, त्यातली बहुतेक या एका चुकीची.

सागाबद्दल एक वेगळी सूचना. सागात वाळूसारखे सिलिकेचे कण असतात, ते धार खातात. दर मीटरभर खाचेनंतर पातं काढून निसण्यावर चार हात मारा. 'सकाळी छान चालत होतं, दुपारी चालेना' असं म्हणणारे सगळे सागावर काम करत होते.

११. स्टॅन्ली ७१ किंवा रेकॉर्ड ०७१ मिळतोय. तो चालेल का?

तो राउटर रंधा. स्टॅन्लीचा अमेरिकेचा, रेकॉर्डचा इंग्लंडमधल्या शेफील्डचा. पातं इंग्रजी एलसारखं वाकलेलं, तळाशी आडवं, आणि काम खाचेचा तळ एका खोलीला आणण्याचं. पान-फुलाच्या जडावाला हा उत्तमच, आणि असा रंधा सहासष्टपेक्षा पुष्कळ सहज मिळतो. बारीक रेघेसाठी मात्र तो बोजड आहे, त्याची पातीही रुंद. स्टॅन्लीचा छोटा, २७१ नंबरचा, तळहातात मावणारा असतो. त्याचं पातं पाव इंची. पेटीच्या झाकणावरच्या छोट्या नक्षीला मी तोच वापरते. तुम्ही देव्हारे करत असाल तर २७१ घ्या आणि रेघेसाठी खरवडणी करा. दोन्ही मिळूनही सहासष्टपेक्षा कमी खर्च.

खोबणीच्या रंध्याबद्दलही लोक विचारतात. रेकॉर्डचा छोटा ०४३ सुंदर आहे, पण त्याचं सगळ्यात बारीक पातं एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर. आणि तो फक्त सरळ कडेला, रेषांच्या दिशेनेच चालतो.

१२. तानपुऱ्याच्या तबलीच्या कडेने पट्टी बसवायची आहे. गोल कडेला गाईड डुगडुगतं.

सरळ गाईड बाहेर फुगलेल्या कडेवर एकाच बिंदूला टेकतं, म्हणून डुगडुगतं. त्याला दोन बिंदूंवर टेकणारं गाईड हवं. खरवडणीच्या कडेला दोन गोल डोक्याचे खिळे ठोकले, पात्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, तरी काम होतं. आत वळलेल्या कडेला उलट, तिथे गाईड गोलसर पाहिजे. मूळ सहासष्टचं वळणाचं गाईड यासाठीच होतं, आणि म्हणून मी प्रश्न ४ मध्ये त्याबद्दल एवढं लिहिलं.

तबलीवर मात्र हात थांबवा. ती पातळ असते आणि आवाज तिच्यातूनच येतो. आधी जाडी मोजा. खाच जाडीच्या तिसऱ्या भागापेक्षा खोल जाऊ देऊ नका, आणि मूळ खाच असेल तर तीच साफ करा, नवी पाडू नका. जुनी पट्टी सेल्युलॉइडची असण्याची शक्यता फार. सेल्युलॉइड पटकन पेटतं, तेव्हा ती काढायला गरम इस्त्री, हीटगन, बत्ती यातलं काहीही जवळ आणू नका. शंका असेल तर मिरजेच्या कारागिरांना विचारा. सतार-तानपुऱ्याचं काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे.

१३. खाच बरोबर पडली, पण सरस लावल्यावर पट्टी आत जाईना.

पट्टीने पाणी ओढलं आणि ती फुगली. सरस काय किंवा पांढरा फेव्हिकॉल काय, दोन्हींत पाणी आहे. कोरडी पट्टी अंगठ्याच्या दाबाने सहज बसली पाहिजे. हातोडीची गरज लागत असेल तर खाच अरुंद आहे. सरस खाचेत लावा, पट्टीला लावू नका, आणि लगेच बसवा. खाच सैल असली तर नवी, किंचित जाड पट्टी घ्या. भुसा आणि सरस भरून फट बुजवलेली नंतर काळी दिसते.

जुन्या वस्तूवर मी सरसच वापरते. पुढे कोणालातरी हीच पट्टी काढावी लागेल, आणि सरस ऊन-ओलाव्याने सुटतो.

१४. सुरतेचं सडेली काम, संखेड्याची खुर्ची, मैनपुरीची तार: या सगळ्यांना हेच हत्यार का?

नाही. तिन्ही वेगळी.

सडेलीत वेगवेगळ्या रंगांच्या, बहुधा त्रिकोणी कापाच्या बारीक काड्यांची जुडी चिकटवतात आणि तिचे आडवे पातळ काप काढतात. प्रत्येक कापात तीच नक्षी. ते काप पेटीच्या पृष्ठभागावर चिकटवले जातात. हे काम इराणातून सुरतेला आलं आणि पुढे मुंबईच्या पेट्या म्हणून जगभर गेलं. त्यात खाच नसतेच. सडेलीच्या कापांभोवती जी सरळ रेघ असते ती मात्र सहासष्टच्या किंवा खरवडणीच्या आवाक्यातली, आणि दुरुस्तीला येते ती बहुतेक तीच रेघ.

संखेडा म्हणजे कातलेलं सागवान आणि त्यावर लाखेचा रंग. जडाव नाही.

मैनपुरीच्या तारकशीत शिसवात चाकूने चीर पाडून पितळेची पट्टी ठोकून बसवतात. लाकडाने ती दाबून धरली पाहिजे. खरवडून पाडलेली रुंद, सपाट खाच त्या धरण्याच्या उपयोगाची नाही.

१५. आजीच्या पेटीवर हस्तिदंताची पट्टी आहे. निघालेली जागा हस्तिदंतानेच भरून द्याल का?

नाही, आणि कोणाकडून करूनही घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेच्या हस्तिदंताचाही. कोणी 'जुना तुकडा आहे' म्हणून विकायला आला तरी घेऊ नका. हाडाची पट्टी चालते, रंग चहाच्या पाण्याने जुळवता येतो. ती लाकडापेक्षा कडक असल्यामुळे खाच तिच्या मापाची अगदी नेमकी हवी, दाबून बसणार नाही.

पेटी शिसवाची असेल आणि परदेशी पाठवायची असेल तर आधी कागदपत्रांची चौकशी करा. शिसवाच्या कुळातल्या सगळ्या झाडांवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत. घरातल्या घरात दुरुस्तीला कोणतीही अडचण नाही.

१६. गंजलेलं सहासष्ट व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवू का?

मुलामा असेल तर नको. आम्ल निकेलच्या कडेखाली शिरतं आणि पापुद्रे निघतात. रॉकेलमध्ये दोन दिवस, मग जुना दात घासायचा ब्रश आणि पितळी तारांचा ब्रश. स्क्रू अडकला असेल तर पक्कड लावू नका, रॉकेल टाकून रोज थोडं हलवा. माझा एक स्क्रू नवव्या दिवशी सुटला. लोखंड उघडं पडलं असेल तर तेलाचं फडकं फिरवून ठेवा. आपल्या पावसाळ्यात दोन आठवडे विसरलात तर पुन्हा तांबूस होतं. पॉलिश करून चकचकीत करण्याच्या नादात अक्षरं घासून टाकू नका.

१७. माझ्याकडे विजेचा ट्रिमर, म्हणजे छोटा राउटर आहे. हे सगळं खरंच लागतं?

नवीन देव्हारा, सरळ कड, तीन मिलिमीटरची पट्टी: ट्रिमर वापरा, वेळ वाचेल. एक मिलिमीटरच्या आसपासचे बिट मात्र पटापट तुटतात आणि कोपऱ्यात गोलाई सोडतात, ती शेवटी पटाशीनेच काढावी लागते.

जुन्या वस्तूत प्रश्न वेगळा असतो. शंभर वर्षांपूर्वी हाताने पाडलेली खाच एकसारखी नसते, कुठे सव्वा, कुठे दीड मिलिमीटर. ट्रिमर सगळीकडे दीड करून टाकतो आणि उरलेली मूळ पट्टी सैल पडते. हाताचं हत्यार जुन्या खाचेच्या भिंतींना धरून चालतं, सरस खरवडून काढतं आणि चांगलं लाकूड सोडून देतं. दुरुस्तीसाठी मी विजेचं काही वापरत नाही.

१८. आमच्या आजोबांचं सहासष्ट विकायचं आहे. कोणाला द्यावं?

आधी विकू नका, आधी शोधा. सांगाडा मोठा असतो म्हणून तो सापडतो. पाती काडेपेटीत, औषधाच्या डबीत, कापडाच्या पुरचुंडीत ठेवलेली असतात. गाईड बहुतेक वेळा खिळ्यांच्या डब्यात पडलेलं असतं, कारण ते काय आहे हे घरात कोणाला कळत नाही. आजोबांच्या सगळ्या डब्या एका चादरीवर ओता आणि हाताच्या बोटाएवढे चपटे, दोन्ही टोकांना वेगळा आकार असलेले लोखंडाचे तुकडे बाजूला काढा. वळणाचं गाईड सापडलं तर मला कळवा. तुमचं सहासष्ट मी घेईनच असं नाही, पण ते गाईड शोधणारे चारजण माझ्या वहीत लिहिलेले आहेत आणि चौघेही हाताने काम करतात.